मोठ्या बाईंच्या दारातला बाक

मी एक जुना बाक आहे मित्रांनो, चार पायांचा आणि चाळीस थापांचा. ज्या झाडापासून मी झालो ते इतकं उंच होतं की वाट चुकलेले ढग त्याला पत्ता विचारत. त्याची सावली सकाळी एका गावात पडे, तर संध्याकाळी भलत्याच गावात. ते कापायला आणलेल्या करवतीला म्हणे दरदरून घाम फुटला होता. यातलं किती खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पुढची गोष्ट मात्र थाप नाही. ती मी माझ्या पायांनी ऐकली आहे. बाकाला कान नसतात, पाय असतात. आणि पायांना खोटं ऐकू येत नाही.

मला घडवणारा सुतार मोठा मायाळू होता. माझ्या कडा तो दिवसभर घासत बसला, तेव्हा त्याची बायको दारातून म्हणाली, "अहो, बाक करताय की पाळणा?"

"पोरं बसणार आहेत यावर. जरा हात फिरवून बघ, कुसळ लागलं तर सांग."

तिने हात फिरवला. कुसळ लागलं नाही. त्या दोन हातांचे उपकार मी आजही मानतो. पुढे माझ्यावर जी मुलं बसली, त्यांना बोचायला इतर गोष्टी पुष्कळ होत्या; निदान मी तरी बोचलो नाही.

तिथून मी एका सरकारी शाळेत आलो. आल्या आल्या माझं काय कौतुक! "वा, काय गुळगुळीत बाक आहे!" असं म्हणून जो तो मला थोपटून गेला. पण वर्गांमध्ये बाक पुरेसे होते आणि मी नेमका एक जास्तीचा निघालो. शिपाईमामांनी मला उचललं आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर, भिंतीला टेकवून ठेवलं. मुख्याध्यापिकेला सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणत असे.

तिथे माझं नशीब फिरलं. वर्गातून बाहेर काढलेल्या मुलाने माझ्यावर येऊन बसायचं, अशी शाळेची पद्धत पडली. बसणं वरचेवर झालं की घरच्यांना बोलावणं जाई. मग दार बंद करून बैठक होई आणि बहुतेक वेळा ते मूल शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन बाहेर पडे. 'गप्प बस, नाहीतर बाकावर बसशील!' ही शाळेतली मोठ्यात मोठी धमकी होती. मित्रांनो, आपलं नाव धमकीत वापरलं जातं हे कळल्यावर लाकडालासुद्धा वाईट वाटतं. हौसेने माझ्यावर कोणी बसेना. माझा रंग उडाला. एक पाय झिजून आखूड झाला आणि मी डुगडुगू लागलो. माझ्यावर विसरलेले डबे, तुटलेली छत्री आणि ओलं फडकं यांनी बिऱ्हाड थाटलं.

रिकामपणी मी एक नाद लावून घेतला. बसणाऱ्यांचं निरीक्षण! बाहेर काढलेली सगळ्याच वर्गांची पोरं माझ्यावर बसत, पण दाखला घेऊन जाणारी बहुतेक एकाच वर्गाची असत, शेवटच्या खोलीतली. आणि तीही वर्षाच्या मध्येच आलेली. कोणाच्या वडिलांचं काम फिरतीचं, कोणी मामाकडे राहायला आलेलं, कोणाचं घर मोडून नव्या वस्तीत गेलेलं. आणखी एक गंमत होती. ही सगळी मान वाकडी करून ऐकत. शिपाईमामा काही विचारायला आले की डोकं तिरपं आणि उजवा कान पुढे. मी त्यांचं नावच ठेवलं होतं, 'वाकड्या मानेची मंडळी'.

शिक्षक माझ्यासमोरून जाताना म्हणत, "मध्येच आलेलं पोर म्हणजे डोक्याला ताप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" कोणाला त्यात वावगं वाटत नसे. अनुभव होता ना!

मग एक दिवस टिवटिव आली. हे नाव तिला वर्गाने ठेवलेलं. ती मावशीकडे राहायची. मावशी लाँड्रीत इस्त्री करायची. शेवटच्या खोलीतल्या वर्गात शेजारणीशी सतत कुजबुजते म्हणून सरांनी तिला बाहेर काढलं. ती आली, छत्री बाजूला सारली, फडकं उचलून वाळत घातलं आणि माझ्यावर टेकली.

"काय हो बाकोबा, तुम्ही काय केलंत? तुम्हालाही बाहेर काढलं वाटतं!"

इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. आनंदाने मी असा डुगडुगलो की ती पडता पडता वाचली. मग तिने वाकून पाहिलं, वहीचं कोरं पान दुमडलं आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवलं. "आता लंगडायचं नाही हं," ती म्हणाली. मित्रांनो, राजाने सोन्याचा बूट दिला असता तरी मी इतका खूश झालो नसतो.

ती येत राहिली. येताना मान वाकडी. मला धडकीच भरली, कारण त्या मंडळींचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. एकदा ती हळूच म्हणाली, "बाकोबा, आता मावशीला बोलावणं गेलंय. यापुढची शाळा लांब आहे, दोन बस बदलून. मावशी म्हणते, तिकडे रोज कोण सोडणार? मग घरीच बसावं लागेल." त्या दिवशी ती पुढे काहीच बोलली नाही. टिवटिव गप्प बसली की जागा किती रिकामी होते ते मला तेव्हा समजलं.

बैठकीच्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीला रंग लावत होते. एरवी बैठका शाळा सुटल्यावर त्या खोलीत होत. पण मावशीला जेवणाच्या सुट्टीतच कामावरून निघता येत होतं, म्हणून बैठक टिवटिवच्या वर्गात ठरली. मुलं मैदानात होती. दाखला लिहून तयार, सरांच्या टेबलावर पडलेला. मावशी मुलांच्या डेस्काकडे बघून म्हणाली, "यात मी गेले तर बाहेर काढायला सुतार बोलवावा लागेल!" शिपाईमामा हसले आणि मला, पायाला चिकटलेल्या वहीच्या पानासकट, उचलून आत घेऊन आले. वर्गात मोकळी जागा अशी नव्हतीच. टिवटिवचं डेस्क थोडं सरकवून मला मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवलं. एका टोकाला मावशी, मध्ये टिवटिव. मोठ्या बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्याही दुसऱ्या टोकाला टेकल्या. सर फळ्याजवळ उभे राहिले.

तेवढ्यात रंगाऱ्यांनी ब्रश धुऊन टाकी रिकामी केली म्हणून शिपाईमामांनी एरवी तासांच्या वेळी चालणारी पाण्याची मोटर तेव्हाच चालू केली. आणि माझ्या पायांत धडधड सुरू झाली. मोटर त्या भिंतीच्या पलीकडेच होती! एकेक पाय थरथरू लागला. बाहेर मोठ्या बाईंच्या दारात हा आवाज कधी आलाच नव्हता.

सरांचे ओठ हलले.

"काय म्हणालात सर?" मावशीने विचारलं.

सरांनी पुन्हा सांगितलं.

"जरा मोठ्यानं बोलता का?"

सर वैतागले. हात उडवून आणखी काहीतरी म्हणाले. मोठ्या बाई मावशीकडे वळल्या. "काय म्हणाले हो?"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं."

दोघींनी टिवटिवकडे पाहिलं. तिने सवयीने मान तिरपी केली होती आणि सरांच्या ओठांवरून नजर हलू दिली नव्हती. ती म्हणाली, "सर म्हणतायत, बघा बाई, मुलगी कुणावर गेलीय ते!"

मावशीला हसावं की रागवावं कळेना. पण मी पाहत होतो मोठ्या बाईंकडे. मित्रांनो, त्यांचीही मान वाकडी झाली होती. उजवा कान पुढे! शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्यावर, वाकड्या मानेच्या मंडळीत बसल्या होत्या.

त्या ताडकन उठून खिडकीशी गेल्या. "मामा, मोटर बंद करा!"

धडधड थांबली. "आता बोला सर."

सरांचा आवाज घंटेसारखा खणखणीत निघाला. ते स्वतःच दचकले. मग त्यांनी मोटर पुन्हा चालू करायला सांगितली आणि येऊन टिवटिवच्या जागी बसले. मोठ्या बाई फळ्याजवळून धडा वाचू लागल्या. सर ऐकत राहिले, ऐकत राहिले आणि नकळत शेजारी उभ्या असलेल्या टिवटिवला म्हणाले, "काय म्हणाल्या गं?"

म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. मोटर बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "सांगितलं का नाहीस मला?"

"सांगायला तोंड उघडलं की बाहेर जावं लागतं ना सर. आणि मला वाटलं, या शाळेत असंच ऐकू येत असेल."

मोठ्या बाईंनी विचारलं, "ही जागा हिला कोणी दिली?"

"कोणी नाही. वर्षाच्या सुरुवातीला मुलं पळत येऊन जागा धरतात. इथे कोणी बसत नाही. मध्येच येईल त्याला हीच उरते."

"हिच्याआधी इथे कोण होतं?"

सर आठवू लागले. तो चित्रं काढणारा, त्याआधी ती हसरी, त्याआधी तो मामाकडे राहणारा.

"आणि आता ते कुठे आहेत?"

हा प्रश्न सरांना स्पष्ट ऐकू आला. या वेळी मोटर बंद होती.

पुढे जे घडलं ते खरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगतो, वाकून बघा, पुरावा आहे. मोठ्या बाईंनी टेबलावरचा दाखला उचलला, फाडला नाही, घडी घालू लागल्या. घडीवर घडी घालून तो लहान केला. माझ्या पायाखालचं वहीचं पान एव्हाना चेपलं होतं. त्यांनी ते काढलं आणि तिथे दाखला सरकवला. "बाक लंगडत होता," एवढंच म्हणाल्या. जाड, चांगल्या कागदाचा दाखला होता तो. तेव्हापासून मी एकदाही डुगडुगलो नाही.

आता मोटर सकाळी, शाळा भरण्याआधी चालवतात. त्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट आलं आहे. त्याला ऐकायचं काही नाही. आणि कोणाचं नाव शाळेतून कमी करायची वेळ आली तर आधी मोठ्यांनी त्या मुलाच्या जागेवर बसून एक तास शिकायचं, असा नियम झाला आहे. सर सुट्टीच्या दिवशी जुन्या मुलांना शोधत फिरले. काही परत आली. चित्रं काढणारा मात्र सापडला नाही. त्याच्या घराला कुलूप होतं. ते मी विसरत नाही.

त्या दुपारी मला वर्गाबाहेर नेताना एक टोक शिपाईमामांनी धरलं आणि दुसरं सरांनी. मला परत जुन्या दारात ठेवलं नाही. मी आता शाळेच्या फाटकात असतो, नवा रंग अंगावर आणि तोच दाखला पायाखाली घेऊन. मध्येच कोणी मूल आलं की पहिल्यांदा माझ्यावर बसतं. त्याच्या शेजारी बसायचं काम टिवटिवने मागून घेतलं आहे. ती शाळेची इतकी माहिती सांगते, इतकी सांगते, की माझ्या थापा तिच्यापुढे काहीच नाहीत.

मित्रांनो, मला घासणारे, उचलणारे, टेकू देणारे हात भेटले, म्हणून मी आज उभा आहे. माझ्यासाठी तुम्ही काही करू नका. फक्त माझ्या पायाखालचा कागद ओढू नका. आणि कोणी तुमच्यात नवं आलं तर त्याला आवर्जून विचारा, तुझ्या जागेवरून ऐकू येतं का?

टिवटिव तेच विचारते. विचारलं की ती एकदम गप्प होते आणि मान सरळ ठेवून उत्तर येईपर्यंत थांबते.