पात्याच्या वाटेतली खानावळ

सकाळी आठला आर्जव मोटारसायकलवरून खानावळीसमोर थांबला. त्याचा चेहरा बघूनच काहीतरी बिनसल्याचं रंगूबाईंनी ओळखलं.

"मावशी, नव्या पवनचक्कीचं पहिलं पातं खालच्या गावात पोचलंय."

"मग येऊ दे की वर! साठ माणसांचा स्वयंपाक टाकलाय म्या."

"येईल, पण तुमच्या शेडला धडकून येईल."

आर्जव सांगलीचा. मेढ्याच्या वरच्या पठारावर दहा जुन्या पवनचक्क्या काढून तीन अवाढव्य नव्या उभ्या राहत होत्या, त्या कामावरचा तो इंजिनिअर. पातं सत्तर मीटर लांब. उंबरवाडीच्या शेवटच्या वळणावर ट्रेलर आतल्या बाजूने वळणार, तेव्हा पात्याचं मागचं टोक बाहेरच्या बाजूला फिरणार होतं. बरोबर तिथंच रंगूबाईंची शेड होती.

"मोजणी केली न्हवती व्हय?"

"गेल्या वर्षी केली होती. तेव्हा इथं मोकळी जागा होती, मावशी."

हे खरं होतं. काम सुरू झालं, माणसं आली, त्यांना जेवण मिळेना, म्हणून तर रंगूबाईंनी दोन म्हशी विकून आपल्या पडीक तुकड्यावर ही शेड उभी केली होती. लोखंडी अँगल, वर पत्रे, आत दोन चुली आणि सहा बाकं. सात महिन्यांत गावातल्या पाच बाया त्यांच्या हाताखाली भाकऱ्या थापू लागल्या होत्या.

"कंपनी पाडून नवीन बांधून देईल," आर्जव म्हणाला, "पण महिना लागेल."

"आन् महिनाभर ही माणसं जेवायची कुठं? माझ्या बाया काय करायच्या?"

लालासाहेब बाकावर चहा पीत बसले होते. रंगूबाईंचे धाकटे दीर. सैन्यात इंजिनिअर तुकडीत हवालदार होते, परत आल्यावर जुन्या पवनचक्कीवर वॉचमन.

"मी म्हणलं हुतं का न्हाई?" ते म्हणाले. "मागं दहा चक्क्या लागल्या. वारा आमचा, वीज गेली खाली, आन् गावाला मिळाल्या चार वॉचमनच्या नोकऱ्या. आता वैनीची शेडबी पाडा!"

"तात्या, तवा कोण जेवायला बसत हुतं हितं?" संयोगिता आतून काकांना म्हणाली. रंगूबाईंची ही मुलगी इस्लामपुरात इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून आली होती आणि महिन्यापासून जोडणीच्या तुकडीबरोबर टॉवरवर चढत होती. "रस्ता रुंद झाला म्हणून दुधाचा टेम्पो दारात येतोय. पहिलं कॅन डोक्यावर न्यावं लागायचं."

लालासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. उठून शेडभोवती एक फेरी मारली, खांबाच्या पायाशी बसून बोटाने नट चाचपला.

"ह्ये बोल्ट कुणी लावलं गं?"

"मी."

"मग निघत्यालबी." ते ताडकन उभे राहिले. आवाजच बदलला. "पाडायची कशाला? उचलायची! अरुणाचलात अख्खा पूल खांद्यावर सरकवलाय आमी. ह्यो तर नुसता सांगाडा हाय. इंजिनिअर, पातं कवा सोडणार?"

"अकरानंतर वारा वाढतो. त्याआधीच."

"मंजी तीन तासबी न्हाईत."

"थांबा," रंगूबाई म्हणाल्या. हात पदराला पुसत त्या आर्जवसमोर आल्या. "शेड हलवू. पर चक्क्या उभ्या राहिल्यावर तुमची माणसं जातील, तवा देखभालीला गावातली सा पोरं-पोरी शिकवून घ्यायची. लेखी."

आर्जवने तिथंच साहेबांना फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून. पलीकडून आधी अडखळत, मग स्पष्ट उत्तर आलं: चार नक्की. रंगूबाई म्हणाल्या, "सा." पलीकडचा माणूस हसला. "बरं, सहा." दहा मिनिटांत आर्जवच्या फोनवर पत्र आलं आणि संयोगिताने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मग गाव धावलं. पाने आले, शिड्या आल्या. संयोगिता छपरावर चढून पत्रे सोडवत होती, खाली बाया ते झेलून दगडाखाली दाबून ठेवत होत्या. डेग, पराती, पिठाचे डबे हातोहात रस्त्यापलीकडे गेले. साडेदहाला चाळीस माणसं सांगाड्याला भिडली.

"उचल!" लालासाहेब ओरडले. सांगाडा करकरला आणि जमिनीपासून सुटला. "डावी बाजू हळू! गड्यांनू, पायाकडं बघा!" रस्त्याच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला, सगळा सांगाडा एका अंगाला झुकला. रंगूबाई चुलीपासून पळत सुटल्या आणि कोपऱ्याच्या खांबाला लोंबकळल्या. त्यांच्यामागे पाचही बाया. सांगाडा सावरला. शंभर पावलांवर पलीकडच्या माळावर तो टेकला, तेव्हा लोक असे ओरडले की कुत्री पळून गेली.

आणि मग पातं आलं.

आधी ट्रेलरचा घुमणारा आवाज, मग वळणामागून पांढरंशुभ्र, संपतच नाही असं काहीतरी. लालासाहेब रस्त्यात उभे राहून हाताने खुणा करत होते, ड्रायव्हर फक्त त्यांच्याकडे बघत होता. टोकाला बांधलेलं लाल फडकं रिकाम्या फरशीवरून, थंड झालेल्या चुलींवरून सरकत गेलं. चुलींमागच्या खडकापासून वीतभर अंतर राहिलं असेल.

"गेलं! गेलं रं!" लालासाहेब पोरासारखे उड्या मारत होते.

घराघरांतून भाकऱ्या आल्या आणि त्या दिवशी साठ नव्हे, दोनशे माणसं जेवली. उघड्यावर, सांगाड्याखाली, वर छप्पर नसताना.

चार महिन्यांनी तिन्ही चक्क्या फिरू लागल्या. जोडणीची माणसं पांगली, जेवायला येणारी पंधरा-वीसच उरली, आणि लालासाहेबांनी पुन्हा 'मी म्हणलं हुतं' अशी मान हलवली. पण सहाजण शिकून कामाला लागले. संयोगिता त्यांची मुकादम झाली. चांगल्या रस्त्याने शनिवार-रविवारी चक्क्या बघायला गाड्या यायला लागल्या. पुण्याला कामाला गेलेला गावातला धुळा परत येऊन गॅरेज टाकून बसला. रंगूबाईंकडे पाचपैकी तीन बाया राहिल्या, दोघींनी मसाल्याची गिरणी काढली.

एका दुपारी आर्जवचा फोन आला. "मावशी, जतकडे नवीन काम निघालंय. पन्नास चक्क्या. तिथं जेवणाची सोय नाही. याल?"

रंगूबाई आयुष्यात साताऱ्यापलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी फोन कानापासून दूर धरला.

"भावजी, जत किती लांब हाय?"

"सांगलीच्याबी पल्याड. लय लांब," लालासाहेब म्हणाले. मग चप्पल पायात सरकवत, "शेड जोडायला कोण तरी लागंल की तितं."

सोमवारी सकाळच्या सांगली एसटीत दोघं शेजारी बसले होते. रंगूबाईंच्या मांडीवर नवी कोरी परात होती, आणि कंडक्टर त्या परातीचं तिकीट काढायचं का नाही याचा विचार करत उभा होता.