चाकांवरच्या स्पीकरचा सूड

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक जुना स्पीकर आहे आणि माझ्या पोटात राग आहे. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात, 'आम्हाला विसरू नका' म्हणतात. मी डोळे पुसणार नाही. मी प्लायवूडचा खोका आहे, साधुसंत नाही. खोक्यात एकदा गेलेली गोष्ट आतच राहते.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. कपाटाच्या मोडक्या दारातून माझे अंग कापले. शाळेच्या बंद पडलेल्या कर्ण्यातून गळा आला, सुटकेसची मूठ आली आणि बाबागाडीची चाके आली. ज्याने मला जोडले त्याला सगळे दादा म्हणत. त्याने मला बहिणीसाठी बनवले होते. ती कपडे लहानमोठे करून द्यायची. दातांत टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, म्हणून सगळे तिला टाचणीताई म्हणत.

टाचणीताईला नाचाचे वेड होते. दूरच्या देशांतले नाच, साल्सा, बचाता, मेरेंगे. कोणी गिऱ्हाईक घागरा आखूड करायला आली आणि आरशासमोर चार पावले टाकून दाखवली, तेवढेच निमित्त झाले. या नाचाला रंगमंच नसतो, प्रेक्षकही नसतात. जोडीने नाचायचे आणि प्रत्येक गाण्याला जोडीदार बदलायचा. कोणीही कोणालाही विचारावे. ज्याला नाचायचे नसेल त्याने 'पुढच्या गाण्याला' असे गोड शब्दांत म्हणावे. पण मग ते गाणे त्याने खुर्चीवर बसूनच काढायचे, दुसऱ्या कोणाबरोबर उठायचे नाही. हा नियम कोठे लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. कारण तो मोडला की विचारणाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा होतो.

दादा म्हणाला, "तुला नाचायला जागा मिळो न मिळो, गाणं तरी तुझ्या मागे चालत येईल."

"चालत? याला ओढून ओढून माझे हात गुडघ्याला टेकतील."

"बरंच आहे की. लांबच्या जोडीदारालाही पोचतील."

शहर मोठे होते. तिथे गाड्यांना जागा होती, कपाटांना होती, कबुतरांनाही होती. नाचणाऱ्यांना मात्र नव्हती. टाचणीताई जागा शोधायला निघाली. तिच्याबरोबर मास्तर असत. ते गाडी चालवायला शिकवत, म्हणून मास्तर. नाचतानासुद्धा त्यांचा उजवा पाय अधूनमधून ब्रेक दाबायचा.

बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये आम्ही गेलो. तिथे सांडलेल्या गोड चहाने फरशी इतकी चिकट झाली होती, की गिरकी घेतली तर माणूस फिरायचा आणि बूट जागेवर राहायचा. व्यायामशाळेत रबराची चटई होती. तिने पाय धरून ठेवले आणि दोघांचे गुडघे मुरगळले. लाँड्रीची फरशी छान होती, पण धुलाईची यंत्रे आपल्याच ठेक्यावर घुमू लागली आणि माझे गाणे सोडून सगळे यंत्रांच्या तालावर नाचू लागले. तो अपमान मी गिळला. बँकेखालच्या पार्किंगमध्ये रखवालदार आडवा आला.

"इथं गाड्या लावतात, माणसं नाही."

मास्तर म्हणाले, "मग आम्ही रिव्हर्समध्ये लागतो."

रखवालदार हसला, पण त्याने आम्हाला हाकललेच.

एक दिवस टाचणीताई फर्निचरच्या गोदामात खुर्च्यांच्या कव्हरांची मापे घ्यायला गेली. वरच्या मजल्यावर तिने कात्रीची मूठ जमिनीवर ठोकली. खाली लाकूड होते, आणि त्याचा आवाज रियाजाने घोटलेल्या गळ्यासारखा गोड होता. तिने गोदामवाल्याच्या सगळ्या खुर्च्यांना कव्हरे शिवून दिली आणि रविवारची दुपार मागून घेतली. जमिनीवर जुना डिंक सुकून दगड झाला होता. तो तिने गुडघ्यांवर बसून पात्याने खरवडला. मास्तरांची पाठ त्या आठवड्यात नेमकी धरली होती.

पहिल्या रविवारी मी गायलो. लोक म्हणाले, "एवढासा खोका, पण गळा केवढा!" दादा माझ्याजवळ उभा होता. माझ्या पाठीवर हात ठेवून मी किती तापलो ते तो बघत होता. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस.

त्याच वर्षी दादा वारला. मला दुरुस्त करणारे हात गेले.

इकडे गर्दी वाढली आणि मास्तरांच्या डोक्यात हवा गेली. काळे उंच स्पीकर आले, रंगीत दिवे आले. दारावर पाटी लागली, तिच्यावर नाव एकट्या मास्तरांचे. मला जिन्याखाली रंगाच्या डब्यांत ढकलले. माझ्या डोक्यावर कोणीतरी कुंडी ठेवली आणि तिला रोज पाणी घातले. ते पाणी झिरपून माझ्या आत उतरायचे. मी काय करणार? आत साठवत राहिलो. पाणी वाळले, बाकीचे राहिले.

पाटी लागली त्या रविवारी टाचणीताई स्वतः शिवलेला निळा झगा घालून आली. तिने मास्तरांपुढे हात केला.

"पुढच्या गाण्याला, टाचणे," मास्तर म्हणाले.

ती बसली. आणि मास्तर त्याच गाण्याला एका पाहुणीबरोबर उठले. दुसऱ्या गाण्याला तेच, तिसऱ्याला तेच. पाहुणीने विचारले, "त्या बाई कोण?"

"ती होय? ती आमची शिंपीण. कोणाची शिवण उसवली तर हाताशी असावी, म्हणून बोलावतो."

मास्तरांच्या कॉलरला माईक लावलेला होता आणि तो बंद करायला ते विसरले होते. वाक्य सगळ्या सभागृहाने ऐकले. जिन्याखाली मीही ऐकले. काही लोक हसले. कोण हसले ते मी आवाजांवरून ओळखून ठेवले आहे.

टाचणीताई खाली आली. तिने कुंडी उतरवली, निळ्या झग्याच्या कडेने मला पुसले आणि घराकडे ओढत निघाली. वाटेत ती एकदाच बोलली. "दादाचा खोका. पाण्यात घातला मेल्यांनी."

स्वतःबद्दल ती काही बोलली नाही. ती गप्प बसली की समजावे, शिवण पक्की होते आहे.

नाचाला येणाऱ्या बायका कपडे तिच्याकडेच बेतायला आणत. ज्या बाईच्या कमरेभोवती टाचण्या लावलेल्या असतात ती हलत नाही, सगळे मुकाट ऐकून घेते. पहिली नर्स आली, मग बेकरीवाली.

"मास्तरांना सरळ नाहीच म्हणायचं ना?" नर्सने विचारले.

"नाही म्हणायचंच नाही," टाचणीताई दातांतल्या टाचण्यांमधून म्हणाली. "गोड हसायचं, 'पुढच्या गाण्याला' म्हणायचं आणि ते गाणं बसून काढायचं. आपण नियम पाळायचा."

"आणि पुढचं गाणं लागलं की?"

"त्याच्याही पुढचं असतंच की."

"अगं बाई!" बेकरीवाली म्हणाली. "अशानं माणूस उभ्या उभ्या म्हातारा होईल."

"होऊ दे. मी बसल्या बसल्या झाले. आता हात वर कर, बगलेत टोचेल."

मास्तरांनी मोठा मेळावा ठरवला होता. दुसऱ्या शहरांतून नाचाचे शिक्षक आले होते. मी आणि टाचणीताई खाली गोदामाच्या फाटकापाशी थांबलो. वर काय झाले ते नर्सने नंतर इतक्या वेळा सांगितले आहे, की मी ते पाहिलेच असे मला वाटते.

मास्तर पांढरा शर्ट घालून नर्सकडे गेले. "पुढच्या गाण्याला हं," म्हणून ती बसली. बेकरीवालीकडे गेले, ती बसली. ज्या बाईला विचारावे ती गोड हसायची आणि खुर्ची धरायची. मास्तरांना घाम फुटला, तसे ते जास्तच भराभर विचारू लागले. जितके विचारावे तितकी नाचाची जमीन रिकामी! आपल्या हाताने त्यांनी एकेक बाई उठवून खुर्चीवर बसवली. शेवटी भिंतीशी बसलेल्या गोदामवाल्याच्या सासूबाईंपुढे हात केला. त्यांना या कटाचा पत्ताच नव्हता.

त्या म्हणाल्या, "पुढच्या गाण्याला, बाळा. पायाला मुंग्या आल्यात."

मग सगळ्या बायका उठल्या, मास्तरांचे आभार मानून जिना उतरल्या. आम्ही वरात काढावी तसे बस डेपोच्या कॅन्टीनला गेलो. फरशी अजून चिकटच होती. मी गळा फाटेपर्यंत गायलो. खरखरत होतो, तरी गायलो. इतका गोड दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता.

पण मित्रांनो, सुडाला धार दोन्हीकडे असते. मास्तरांच्या रविवारी कोणी येईना. गोदामवाल्याने वरचा मजला कपाटांनी भरून टाकला. विचारायला गेलेल्या नर्सला तो म्हणाला, "कपाटं बरी. ती निदान रुसत नाहीत."

ही बातमी ऐकताना टाचणीताईच्या हातात इस्त्री होती. एक बाही करपली तेव्हा तिला भान आले. "त्यांचं गेलं ते बरंच झालं," ती म्हणाली. मग करपलेल्या बाहीवर हात फिरवत म्हणाली, "जमीन मात्र मी खरवडली होती."

पुन्हा वणवण सुरू झाली. एका शाळेत नाही म्हणाले, एका लग्नाच्या सभागृहात हसले. गिरण्यांच्या जुन्या भागात एका वाचनालयावर मोठी खोली सापडली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण खाली अस्सल लाकूड. ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "रविवारी आम्ही बंद असतो. नाचा. पण पुस्तकं खाली पडली तर तुम्हीच लावायची, तीही क्रमानं."

पहिल्या रविवारी सगळे आले. आणि खाली जिन्यापाशी मास्तर उभे होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"ताई, येऊ का?"

"नाच सगळ्यांना मोकळा आहे," टाचणीताई म्हणाली. "पण वर न्यायचं सामान आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. "हा अजून वाजतो?"

मित्रांनो, माफी मागायला आलेला माणूस असे विचारतो का? तेवढ्यावरही मी कदाचित गप्प बसलो असतो. पण त्यांनी मला उचलले ते पायाने कलते करून, भंगार उचलावे तसे. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या शेवटच्या पायरीवर मी त्यांच्या उजव्या अंगठ्यावर पडलो. ब्रेकच्याच पायावर.

मास्तर असे ओरडले, की कुलूप उघडायला आलेल्या ग्रंथपाल बाईंनी खालून "शांतता!" म्हटले. लोक म्हणाले, मूठ सुटली. मूठ नव्हती सुटली. मी सुटलो होतो.

मास्तरांना खुर्चीवर बसवले. अंगठा वांग्यासारखा झाला. बेकरीवालीने मला मोबाइल जोडला आणि पहिले गाणे लागले. मी वाट बघत होतो, आता टाचणीताई नाचेल. इतक्या दारांवर धक्के खाऊन तिने ही जमीन मिळवली होती. आणि ती काय करत होती? ओले फडके घेऊन मास्तरांच्या पायाशी बसली होती! माझा सगळा आनंद करपला. मी कोणासाठी पडलो होतो? दुसरे गाणे लागले. ती बसूनच. मी रागाने खरखरलो.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी माईक बंद करायला हवा होता."

टाचणीताईने फडके पिळले. "माईक नाही, मास्तर. तोंड."

मास्तरांनी मान खाली घातली. तिने फडके त्यांच्या हातात दिले. "धरा आता तुमचं तुम्ही."

तिसरे गाणे लागले. नर्सचा उंच भाऊ तिच्यापुढे हात करून उभा राहिला. ती उठली, आणि मी कोणी आवाज वाढवला नसताना मोठ्याने गाऊ लागलो. खालचे लाकूड तिच्या पायांना ओ देत होते. मास्तर खुर्चीवरून बघत होते. मी तेही बघत होतो, पोटभर.

मित्रांनो, ज्याने तुमच्यासाठी जागा शोधली त्याला त्या जागेत उभे राहू द्या. जी वस्तू तुमच्यासाठी गायली तिला कोरड्यात ठेवा. एवढे जमत नसेल तर माझे काही म्हणणे नाही. फक्त मला उचलायला याल तेव्हा जाड बूट घालून या.