चाल उलटते तिथली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. जपानमध्ये घडलो, एका बालवाडीत पुष्कळ धपाटे खाल्ले आणि आता सिंगापूरमध्ये, बुकित बातोकच्या एका फ्लॅटमध्ये मैत्रेयीचा झालो आहे. आलो त्या दिवशी तिच्या आईने, क्षिप्राताईंनी, मला हळदकुंकू लावलं. काय मिरवलो मी! पुढे माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे आले.

इथली हवा दमट. म्हणून माझ्या पोटात एक विजेची गरम दांडी आहे, ती मला कोरडं ठेवते. एकदा बाबांनी, विक्रांतरावांनी, तिचा प्लग काढून तिथे ऑफिसचा मॉनिटर लावला. माझं लाकूड फुगलं आणि खालची एक पट्टी जड झाली. एकदा दाबली की वाजे, लगेच पुन्हा दाबली की उठतच नसे.

मैत्रेयी परीक्षेसाठी युरोपातल्या एका जुन्या नाचाची धून बसवत होती. पहिल्या भागात जी चाल उड्या मारत वर चढते, तीच दुसऱ्या भागात उलटी होऊन खाली उतरते. उतरताना नेमकी त्या पट्टीवर दोनदा टेकते. पोर रोज तिथेच अडे.

"चाल उलटली की गोंधळतेस. लक्षच नाही तुझं," आई म्हणाली. "सोमवारी परीक्षेचा व्हिडिओ पाठवायचाय. नाही जमलं तर पियानो विकून टाकू."

"स्टक होतंय लाह, आई! आय ॲम नॉट केअरलेस!" मैत्रेयी सिंगापुरी हेलात म्हणाली.

क्षिप्राताईंनी पट्टी एकदा दाबली. वाजली. "बघ! नाचता येईना, अंगण वाकडं."

माझा जीव तळमळला. दुखणं माझं आणि बोलणी लेकराला!

मैत्रेयीने डोळे पुसले. मग तिने पहिला, सरळ चढणारा भागच खालच्या सुरांत वाजवला, त्याच पट्टीवर दोनदा टेकेल असा. तिथेच अडला.

"आता तर उलटं नाहीये ना?"

क्षिप्राताईंनी माझं झाकण काढून आत हात घातला. दांडी थंडगार. "विक्रांत, हा प्लग कोणी काढला?"

प्लग पुन्हा लागला. पण सोमवारी शाळेतून आल्यावर मैत्रेयी बसली, तेव्हाही मी पुरता सुकलो नव्हतो. मोबाईल सुरू झाला. चाल चढली, उलटली, उतरू लागली. त्या पट्टीवर पहिला ठोका पडला आणि मी सगळं बळ एकवटलं. पट्टी जडपणे हलली. उठली! दुसरा ठोकाही वाजला.

धून संपली, तरी मोबाईल बंद करायचं क्षिप्राताईंना सुचेना. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. तेही रेकॉर्ड झालं.

मित्रांनो, आमची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण एखादं मूल पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी आमचं झाकण उघडून बघा, एवढं मोठ्यांना सांगाल ना?