कार्डाची मागची बाजू

क्रेग आत आला तेव्हा एडना एका कार्डावर रुपेरी पूड भुरभुरत होती. त्यानं दार आपटलं नाही. सावकाश उघडलं, आत येऊन सावकाश लावलं आणि आतून कडी घातली.

मेरीपोर्ट गावच्या चॅपलमागच्या खोलीत मंगळवारी सकाळी हातानं शुभेच्छाकार्डं करणाऱ्या बायकांचं मंडळ बसायचं. त्या दिवशी तिघीच होत्या. बाकीच्या पडसं घेऊन घरी पडल्या होत्या. एडना होती, बेरिल होती आणि अकरा महिन्यांपूर्वी आजीचं आडनाव लावून गावात राहायला आलेली लोर्ना होती. एडनानं या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पण लोर्नाच्या हातातली लेस खाली पडली, तशी तिला ओळख पटली.

"नवरोबा आलेत, चहा तरी विचार," तो लोर्नाला म्हणाला आणि खिशातून एक कार्ड काढून टेबलावर टाकलं. पालथं.

कार्डाच्या पाठीवर घुबडाचा छोटा शिक्का होता. त्याखाली शिक्क्यातच बारीक अक्षरांत: एडना, हार्बर चॅपल, मेरीपोर्ट.

तो शिक्का एडनाचाच होता. लोर्नाच्या आईच्या साठाव्या वाढदिवसाचं ते कार्ड. लोर्नासाठी तिनं किती जपून केलं होतं. आत नाव नाही, गाव नाही, नुसतं 'आई'. डोळे तपासायला कार्लाईल शहरात गेली तेव्हा तिनं ते तिथल्या पेटीत टाकलं होतं, टपालाच्या ठशावरून गाव कळू नये म्हणून. आणि पाकिटात घालण्याआधी तिचा हात आपसूक शिक्क्याकडे गेला होता. चाळीस वर्षांत पाठीवर घुबड मारल्याशिवाय तिचं एकही कार्ड पुरं झालं नव्हतं.

"सासूबाईंनी शेकोटीवरच्या फळीवर मांडलं होतं," क्रेग म्हणाला. "सगळे आतलं वाचत बसले. पण मी सहा वर्षं कार्डवालीबरोबर संसार केलाय. उलटं करून बघितलं."

"बाबा, बाहेर हो," बेरिल म्हणाली. "ही देवाची जागा आहे."

त्यानं बेरिलच्या छातीवर हात ठेवून तिला ढकललं. ती खुर्चीसकट मागे गेली आणि तिचं डोकं रेडिएटरवर आपटलं. मग त्यानं लोर्नाचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आदळलं. एकदा, मग पुन्हा. मणी, बटणं, शाईच्या गाद्या सगळं फरशीवर गेलं. लोर्ना ओरडली नाही. तिला ते माहीत होतं, ओरडलं की तो जास्त मारतो.

"ह्याच हातानं बॅग भरलीस ना?" असं म्हणून त्यानं तिचा उजवा हात कागद कापायच्या यंत्राशी नेला. साचा कागदावर दाबणारं, दोन पोलादी रुळांचं, दांड्यानं फिरवायचं जड यंत्र. त्यानं तिची बोटं रुळांत घातली आणि दांडा फिरवला. हाडं मोडल्याचा आवाज आला तेव्हा मात्र लोर्ना ओरडली.

एडनाच्या हातात गरम हवेचं यंत्र होतं, रुपेरी पूड वितळवायला लावलेलं. तिनं त्याचं तोंड क्रेगच्या कानात खुपसलं आणि धरून ठेवलं. केस करपले, कातडी चरचरली. तो गुरासारखा हंबरला आणि त्यानं कोपर मागे हाणलं. एडनाच्या दोन बरगड्या गेल्या, श्वास अडकला, पण यंत्र तिनं सोडलं नाही. तो वळून तिचा गळा धरायला आला, तर दुसऱ्या हातानं तिनं टेबलावरचा कागदाला भोकं पाडायचा टोचा उचलला आणि त्याच्या तळहातातून आरपार घातला.

तो गुडघ्यांवर आला. बेरिल उठली होती, कपाळावरून रक्त गळत होतं. तिनं लोकरीच्या गुंड्यांची पिशवी बाजूला सारून चहाची लोखंडी किटली उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो आडवा झाला.

"फिरव ते उलटं, बेरिल," एडना धापा टाकत म्हणाली. "दांडा उलटा फिरव."

"फिरवतेय की. तू बोलू नकोस, रंग गेलाय तुझा."

लोर्नाचा हात मोकळा झाला. तीन बोटं चपटी झाली होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग क्रेगच्या तोंडावर बुटाची लाथ मारली. मग आणखी एक. त्याचा जबडा वाकडा झाला.

एडनानं तिला अडवलं नाही. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. हा माणूस इथेच मेला तर घुबडाखालचं गावाचं नाव त्याच्याबरोबर जाईल. लोर्नाला कुठे जावं लागणार नाही, आणि आपण जे केलं ते न केल्यासारखं होईल. तिनं रुळांचं यंत्र दोन्ही हातांनी छातीशी उचललं. बरगड्यांत कळ गेली. ती त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

"एडना," बेरिल हळूच म्हणाली. "अगं ठेव ते."

"तू तोंड फिरव."

"एडना, त्याचा काही उपयोग नाही," लोर्ना खिडकीतून बघत म्हणाली. "बाहेर गाडीत त्याचा भाऊ बसलाय. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

एडना तशीच उभी राहिली. मग तिनं यंत्र टेबलावर ठेवलं आणि बेरिलला पोलिसांना फोन करायला सांगितलं.

पोलीस आले तोवर भाऊ पसार झाला होता. क्रेगला बेड्या घालून नेलं. इस्पितळात लोर्नाच्या हाताला खांद्यापर्यंत पट्ट्या बांधल्या. एक पोलीसबाई तिला त्याच दिवशी दुसऱ्या गावी, पत्ता कुणालाच न सांगता, हलवायला आली. एडना बाहेर बाकावर बसून होती, बरगड्या आवळून बांधलेल्या.

"माझ्यामुळे झालं," लोर्ना बाहेर आली तेव्हा एडना म्हणाली.

"हो," लोर्ना म्हणाली. "कार्ड पाठवायची हौस माझी होती. पण शिक्का तुम्ही मारलात."

"मारला, पोरी."

"मला फार राग आलाय तुमचा. आणि तुम्ही नसता तर मी आता जिवंत नसते. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं, मला कळत नाही."

"सांभाळू नकोस. राग कर." एडना उठली. लोर्नाला एका हातानं कोटाची बटणं लावता येत नव्हती, ती तिनं खालून वर लावत नेली. "कुठे नेताहेत तुला?"

तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं, हे आपण विचारायचं नाही. लोर्नानं तिचा हात गळ्यापाशी थांबवला.

"वरचं बटण राहू दे," ती म्हणाली. "मान दुखते."

पोलीसबाईनं तिला गाडीत बसवलं. गाडी फाटकाकडे निघाली, तिथून एक रस्ता डोंगराकडे जातो आणि एक समुद्राच्या कडेनं. एडनानं भिंतीकडे तोंड केलं आणि गाडीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत तशीच उभी राहिली.