पिवळ्या पळसाला आवतण

ही गोष्ट २०१९ सालची, होळी झाली होती आणि रंगपंचमी यायची होती त्या मधल्या दिवसांतली. औंढ्याच्या बाजूचं रान त्या वर्षी असं फुललं होतं की हिंगोलीहून माणसं मुद्दाम बघायला जात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जान्हवीनं गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तिथल्या वनउद्यानात फुलं दाखवायचं ठरवलं, तेव्हा विजयाबाईंना वाटलं, आपले यजमान मार्तंडराव काही यायचे नाहीत. त्यांची सून प्रियदर्शनी पुण्यात पलंगाला खिळून होती. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, हा तिसरा. श्रेयसचा, म्हणजे मुलाचा फोन वाजला की आधी दोघं एकमेकांकडं बघायचे, उचलायचा कुणी?

पण मार्तंडरावच म्हणाले, "जाऊ. घरात बसून फोनकडं किती बघायचं?"

सकाळी त्यांनी साखरेच्या आजाराचं इंजेक्शन घेतलं आणि खायला मात्र नको म्हणाले. "तिथंच खाऊ सगळ्यांसोबत." विजयाबाईंनी पोळीभाजीचा डबा पिशवीत टाकला, वर होळीच्या साखरेच्या गाठीही ठेवल्या.

उद्यानाच्या फाटकापासून वनरक्षक वसराम सोबत निघाला. दरडीवर धायटीची झुडपं फुलांनी लाल झाली होती. एकही पान नसलेल्या गणेरीच्या झाडावर सोन्यासारखी फुलं होती. पळस तर वाटेच्या दोन्ही अंगांनी पेटलेला. विजयाबाई सांगत होत्या की कनेरगावला त्यांची आई पळसफुलं रात्रभर पाण्यात घालायची आणि त्या पाण्यानं लेकरांना न्हाऊ घालायची, म्हणजे ऊन बाधत नाही.

"आता पुढं गंमत आहे," जान्हवी म्हणाली. "या रानात पिवळा पळस एकच आहे."

विजयाबाई नवऱ्याला काही सांगायला वळल्या. मागं कुणी नव्हतं.

"काका विडी ओढायला थांबले असतील," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"विडी सोडून वीस वर्षं झाली," विजयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हाक मारली, "अहो!" मग जान्हवीनं मारली, मग वसरामनं तोंडाशी हात धरून. रान गप्प. ऊन चढत होतं. पोटात अन्नाचा कण नाही आणि अंगात औषध, एवढंच विजयाबाईंच्या डोक्यात घुमत होतं. मागं एकदा असंच झालं होतं तेव्हा ते न्हाणीघरात कोसळले होते.

"आजी, इतक्या हाका मारून राहिलो, बहिरं माणूस बी ओ देईल," वसराम म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

हाका मारत मारत ते पिवळ्या पळसापाशी आले. झाडाकडं बघायचं भान कुणाला नव्हतं. जान्हवीच तेवढी वाकली. "इथं कुणी पूजा केलीय वाटतं."

बुंध्याशी हळदीचे तांदूळ होते, वर सुपारी. तांदळाला मुंग्या लागल्या होत्या. विजयाबाईंनी सुपारी उचलून हातात घेतली.

त्यांच्या माहेरी झाडाचं काही औषधाला आणायचं तर आदल्या संध्याकाळी बुंध्याशी हळदीचे तांदूळ, सुपारी ठेवून झाडाला आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यायचं, आणि देवापुढं ठेवेपर्यंत बोलायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही, मागं बघायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. पिवळ्या पळसाचं फूल तर पोटातलं मूल टिकावं म्हणून आणत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं होतं आणि मार्तंडराव हसून हसून बेजार झाले होते. तेच मार्तंडराव काल संध्याकाळी "औंढ्याला मित्राकडं जाऊन येतो" म्हणून गेले होते.

"त्यांना आपल्या हाका ऐकू येतायत," विजयाबाई म्हणाल्या. "ते ओ देणार नाहीत. आडवाटेनं आपल्याआधी इथं येऊन फूल घेतलं नि घराकडं निघालेत."

"फाटकाकडं परतले असते तर वाटेत आपल्यालाच दिसले असते," वसराम म्हणाला. "मंग ओढ्याच्या वाटेनं सडकेला गेले. चला."

कोरड्या ओढ्यात, मोहाच्या बुंध्याला टेकून ते बसलेले सापडले. सदरा घामानं चिंब, मुठीत रुमाल, रुमालातून पिवळी पाकळी डोकावत होती.

"अहो, चक्कर येतेय का?"

त्यांनी नुसतं बघितलं. व्रतापायी गप्प आहेत की शुद्ध चाललीय, कळेना. हात हलवून त्यांनी 'नाही' केलं. विजयाबाईंनी गाठीतला एक तुकडा मोडून ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले आणि मान फिरवली.

"काका, घ्या ना," जान्हवी रडकुंडीला आली.

विजयाबाईंना क्षणभर सून दिसली, उशीला टेकून पडलेली. ही साखर आत गेली आणि तिकडं काही झालं तर? मग त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. डोळे वर चालले होते.

"जे काय लागायचं ते मला लागू दे," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा."

उघडेनात. तेव्हा लेकराला औषध पाजावं तसं त्यांनी नवऱ्याचं नाक दाबलं. तोंड उघडलं. एक तुकडा गेला, दुसरा गेला. बऱ्याच वेळानं घाम थांबला.

"मोडलंस," मार्तंडराव म्हणाले.

"मोडलं."

"फूल तोडायला बंदी हाय तशी," वसराम हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही. रुमाल तिथंच ओढ्यात राहिला.

पुढचे महिने विजयाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फोन त्या उचलतच नसत. मार्तंडराव उचलत, आणि मान हलवून सांगत, सगळं बराबर आहे. त्या सकाळचा विषय दोघांनी परत काढला नाही.

आषाढात प्रियदर्शनीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. एवढीशी होती, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, पण तगली. तिचं नाव जाई. मार्तंडराव तिला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसत. २०२१च्या उन्हाळ्यात कोरोनात ते गेले. जान्हवी लग्न होऊन नांदेडला गेली. वसराम अजून त्याच फाटकावर आहे. श्रेयसचं पुण्यात घर झालं, प्रियदर्शनी पुन्हा नोकरीला लागली. तिला यातलं काही माहीत नाही.

जाई आता शाळेत जाते. तिला साधा ताप आला तरी विजयाबाई हिंगोलीहून रात्रीची गाडी पकडतात. सून म्हणते, "आई, व्हायरल आहे, उगाच कशाला धावपळ करता?" विजयाबाई "हो गं" म्हणतात, आणि ताप उतरेपर्यंत नातीच्या उशाशी बसून राहतात.