प्रणिताच्या सहीची बिननावाची चावी

मी चावी आहे, पण माझ्याने साधी पेटीसुद्धा उघडवत नाही. मी फक्त सही ओळखते. इचोड्याच्या प्रणिताने शेतकऱ्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला, फवारणीच्या पंपात किती औषध घालायचं ते सांगणारा. तेव्हाच आम्ही दोघी जन्मलो. माझी जुळी बहीण गुप्त. ती प्रणिताजवळ राहून प्रत्येक नव्या आवृत्तीवर सही करते. मी सार्वजनिक, सर्व्हरवर बसलेली. दुकानांतले संगणक मला बोलावतात आणि मी सांगते, हो, सही प्रणिताचीच.

माझ्या अंगावर तिचं नाव आणि ईमेल होता. केवढा तोरा होता मला त्याचा!

तो ईमेल सुधाकररावांच्या इंटरनेट सेंटरवर काढलेला. साऱ्या गावाचे ईमेल ते स्वतःच्याच मोबाइल नंबरावर काढून द्यायचे आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहायचे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे सेंटर बंद करून ते मंचेरियलला लेकीकडे गेले, वहीसकट.

यंदा माझा जुना सर्व्हर बंद पडला. प्रणिताने मला नव्यावर चढवलं. तिथला नियम असा, की ईमेलवर आलेली लिंक मालकाने दाबली तरच चावीवर नाव राहतं. लिंक गेली त्या जुन्या ईमेलवर, जो प्रणिताने कित्येक वर्षांत उघडलाच नव्हता. माझं नाव पुसलं गेलं, आणि बिननावाची चावी संगणक काही घेईनात.

प्रणिताने मला तीनदा चढवलं, नेटला शिव्या घातल्या, केबल बदलली. अगं बाई, तुझा जुना ईमेल बघ! मी ओरडून काय उपयोग? तिला ऐकू थोडंच जाणार.

अशातच जुन्या आवृत्तीत चूक सापडली. लहान पंपाला ती दुप्पट औषध सांगत होती. प्रणिताने दुरुस्ती केली आणि तामसीच्या खतदुकानदाराला, करणला, फोन लावला.

"नवी टाक लवकर. भागीरथाकाकू उद्या फवारणार हाये."

"संगणक नाही म्हणून राह्यला, ताई. सही जुळल्याबिगर टाकू नका, तुमीच सांगतलं होतं ना?"

प्रणिता म्हणाली, "तपासणी बंद कर अन् टाक."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भागीरथाबाईंचा कापूस वाचला. पण तपासणी पुन्हा सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

काल करणकडे प्रणिताच्या नावाने आणखी एक आवृत्ती आली. त्याने ती बिनधास्त टाकली. मला कुणी बोलावलंच नाही.

बाबांनो, तामसीकडे कुणी जात असाल तर करणला सांगा, त्या आवृत्तीतले औषधाचे आकडे कुणाला देऊ नकोस. माझ्या बहिणीने काल कशावरही सही केलेली नाही.