मडकं कोण धरणार

"अर्ध्या तासात वाटेला लागलं पाहिजे," फौजदार म्हणाला. "तुमचा हात जलद आहे असं ऐकलंय. लागा कामाला."

काशीराम रमेशच्या ओट्याशी बसून पायाचा चिखल खरवडत होता. निरोप मिळाला तसा तो मिठागरावरून धावत आला होता. त्यानं मान वर केली नाही. "हात जलद हाय साहेब, पन मयताची बी एक रीत हाय."

काशीरामचं कसं होतं बघा. गावात कुणी गेलं की रडणाऱ्यांनी रडायचं आणि बाकी सगळं काशीरामनं करायचं, हे ठरूनच गेलेलं. बांबू कुठून तोडायचा, लाकडं किती लागतील, कुठल्या पाहुण्यासाठी थांबायचं आणि कुठल्याची वाट बघायची नाही, सगळं त्याच्या डोक्यात. हे काम त्याच्यावर कुणी सोपवलं नव्हतं आणि त्याबद्दल चहाशिवाय कुणी काही पाजलंही नव्हतं. उशीर मात्र त्याला खपायचा नाही. "माती उन्हात ठेवून गप्पा कसल्या मारता?" म्हणून त्यानं सरपंचालाही झापलं होतं. मोर्चाबिर्चाच्या वाटेला तो कधी गेला नाही. रमेश बोलवायला आला की म्हणायचा, "बाबा, मला माझी मयतं पुरेत."

आणि आज त्याच रमेशला पांढऱ्या कापडात गुंडाळून पोलिसांच्या गाडीतून आणून अंगणात ठेवलं होतं.

रमेशनं केलं काय होतं? गावाच्या विहिरी उपसून टँकर मनवेलपाड्याच्या नव्या बिल्डिंगींकडे धावत होते आणि मार्चमध्येच गावाला विहिरीचा तळ दिसायला लागला होता. सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. रमेश चार माणसं घेऊन कामणच्या नाक्यावर टँकरसमोर आडवा झाला. पोलिसांनी बाकीच्यांना दम देऊन सोडलं, त्याला नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की लॉकअपमध्ये चक्कर येऊन पडला, हार्टफेल झालं. भरतीची खाडी पोहून जाणारा गडी, आणि म्हणे हार्टफेल.

गावानं ते ऐकून घेतलं, पण मानलं कुणीच नाही. रमेशच्या संघटनेची वकील मीरा सकाळीच वसईच्या कोर्टात जाऊन बसली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मयताची पुन्हा तपासणी व्हावी, असा हुकूम तिला हवा होता. जाण्याआधी तिनं रमेशच्या बायकोला, हेमांगीला, बजावलं होतं आणि हेमांगीनं ते काशीरामच्या कानावर घातलं.

"काका, वकीलबाई येईस्तोवर त्यांना चितेवर चढवू नका. राख झाली की ती काय दाखवनार?"

पोलिसांना नेमकं उलटं हवं होतं. दिवेलागणीनंतर या गावात मयत जाळत नाहीत. म्हणजे दिवस मावळायच्या आत चिता पेटायला हवी, आणि तीही घरच्यांच्याच हातून. घरच्यांनी रीतसर केलं, त्यांची काही तक्रार नव्हती, असं म्हणायला मग ते मोकळे.

जन्मभर लोकांना घाई करत आलेल्या माणसाला आज उशीर करायचा होता, आणि तो त्याला जमेना. हात आपले सवयीनं चालायचे. तिरडीची पहिली गाठ त्यानं झटक्यात मारली, मग स्वतःवरच चिडून ती सोडली. "सुंभ कुजका हाय, दुसरा आना." दुसरा आला तर बांबू सुका निघाला. हिरवा हवा. बांबू काशीरामच्या स्वतःच्या घरामागेच होता, पण आणायला गेलेला माणूस विरुद्ध दिशेला चालू लागला. गाव काही इतकं दूधखुळं नव्हतं.

"अंघोळबिंघोळ नको," फौजदार घड्याळ बघत म्हणाला. "हॉस्पिटलात सगळं झालंय. कापड सोडायचं नाही."

"बिनअंघोळीचं मयत?" काशीराम म्हणाला. "तुमच्यात तसंच नेतात काय, साहेब?"

फौजदारामागे सदानंद हवालदार उभा होता. मूळचा तळकोकणातला, पन्नाशीला आलेला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, अंघोळ तर घालावीच लागते." फौजदार त्याच्याकडे बघतच राहिला. पण सगळ्या गावापुढे नाही कसं म्हणणार? "आटपा लवकर," तो म्हणाला, आणि तिथे फसला.

काशीरामनं रमेशला पाटावर घेतलं आणि कापड सोडलं. आजवर किती जणांना त्यानं शेवटची अंघोळ घातली असेल. बुडालेले पाहिले, साप चावलेले पाहिले. पण रमेशचे तळपाय बघून तो बसल्या जागी थांबला. तळपाय सुजून काळेनिळे पडले होते. पाठीवर रुंद पट्टे उठलेले. मनगटाची कातडी सोलवटलेली. त्यानं तांब्या खाली आपटला.

"चक्कर आली काय रे तुला," तो मोठ्यानं म्हणाला. "पायाच्या तळव्यानं चक्कर आली?"

मग तो उठला. गावाची रीत होती, भावकीतल्या प्रत्येकानं एकेक तांब्या पाणी घालायचं. इतर वेळी काशीराम चौघांवर भागवायचा. आज त्यानं नावं घेऊन एकेकाला बोलावलं. भावकी संपली तेव्हा शेजाऱ्यांना बोलावलं. "या, तांब्या घाला. डोक्यावर नको, पायावर घाला. नीट बघून घाला." माणसं येत होती, वाकत होती, बघत होती आणि फौजदाराच्या समोरून परत जात होती. बायका पदराआडून बघत होत्या. म्हाताऱ्या जिजाला दिसत नव्हतं, तर तिनं हात फिरवून बघितलं आणि फौजदाराच्या पायाशी थुंकली.

एव्हाना हिरवा बांबू येऊन तिरडीही बांधून झाली होती. "पुरे आता. उचला," फौजदार ओरडला. "खांदा कोण देतंय?"

"माझी बायको गरोदर हाय," पहिला चुलतभाऊ म्हणाला. बायको पोटुशी असली की नवरा मयताला खांदा देत नाही, हे फौजदारालाही ठाऊक होतं. दुसऱ्याचीही गरोदर निघाली. तिसऱ्याचीही. त्या दिवशी त्या गावात निम्म्याअधिक बायका गरोदर होत्या. सत्तरीच्या दामूनंसुद्धा तेच सांगितलं आणि त्याची म्हातारी पदर तोंडाला लावून मागे वळली.

"खांदा आमची माणसं देतील," फौजदार दात खाऊन म्हणाला.

"देवद्या की," काशीराम म्हणाला. "पन पुढे मडकं कोन धरनार? मडक्यात विस्तव असतो, जो धरील त्यानंच अग्नी द्यायचा. रमेशला बाप नाय, भाऊ नाय, मुलगा नाय. चुलतभाऊ तुमच्यासमोर नाय म्हनाले."

"सदानंद, तू धर."

सदानंद दोन पावलं पुढे आला. काशीरामनं त्याला अडवलं नाही. तो फक्त सांगत राहिला, घरातल्या माणसाला सांगावं तसं. "धरा, हवालदार. पन एकदा धरलंत की तुम्ही त्याचे झालात. डोकं भादरायचं. दहा दिवस सुतक. दहाव्याला पिंड तुम्हीच ठेवायचा, आनि कावळा शिवला नाय तर तुम्हीच हात जोडून सांगायचं, बाबा, तुझं काय राहिलंय ते मी बघतो म्हनून. सांगाल ना?"

सदानंदानं हात मागे घेतला. "साहेब, माझे वडील आहेत अजून. मी डोकं भादरणार नाही."

"ही ऑर्डर आहे."

"मग लेखी द्या," सदानंद म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण मागच्या शिपायांनी तो ऐकला आणि ते दोन पावलं लांब सरकले.

तेवढ्यात हेमांगी घरातून बाहेर आली. सकाळपासून ती रडली नव्हती की काशीरामशिवाय कुणाशी धड बोलली नव्हती. तिच्या हातात मडकं होतं, गोवरीचा विस्तव घातलेलं. बायका तिला धरायला धावल्या, तिनं त्यांना बाजूला केलं. ती सरळ फौजदारासमोर जाऊन उभी राहिली आणि मडकं त्याच्यापुढे धरलं.

"तुम्हीच धरा, साहेब. शेवटी तुमच्याच हाती होते ते."

धूर त्याच्या तोंडावर जात होता. त्यानं डोळे मिटले, उघडले. हेमांगीचे हात भाजत असणार, पण तिनं ते खाली केले नाहीत. "धरा ना," ती पुन्हा म्हणाली. "घरच्यांनी दिलं म्हनून सांगा. मी देते. घ्या." फौजदार वळला आणि जीपकडे गेला. तिथे वायरलेसवर तो कुणाशी तरी बराच वेळ बोलत राहिला आणि त्याचं बोलणं चालू असतानाच ज्युलियसचा टेम्पो आला.

ज्युलियस शेजारच्या गावचा केळीवाला, टँकरसमोर रमेशच्या शेजारी झोपलेला. मीरा टेम्पोतून उतरली. तिच्या हातात हुकूम होता. फौजदारानं तो दोनदा वाचला, सही खरी आहे का ते विचारलं, आणि मग त्याला करण्यासारखं काही उरलं नाही. रमेशला पुन्हा पोलिसांच्याच गाडीत ठेवलं, पण या वेळी गाडीत मीरा आणि दोन चुलतभाऊ चढले, मागे ज्युलियसचा टेम्पो निघाला. काशीरामनं जाताना रमेशच्या पायावर कापड नीट केलं. "जाऊन ये बाबा," तो म्हणाला. एवढी मयतं केली, पण कुणाला परत ये असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं.

गाड्या गेल्या. अंगणात तिरडी तेवढी राहिली, हिरव्या बांबूची, नवी कोरी. ती बघून बायका चुळबुळल्या. बांधलेली तिरडी दारात रिकामी ठेवणं म्हणजे घरात आणखी एकाला बोलावणं. "सोडून टाक ती, काशीराम," जिजा म्हणाली. "अभद्र असते."

काशीराम वाकला. गाठीला हात लावला. मग त्यानं हेमांगीकडे बघितलं.

"परत आनतील तेव्हा लागनारच हाय," ती म्हणाली.

काशीरामनं तिरडी उचलली आणि दाराशेजारी भिंतीला उभी टेकवली. समोरच्याच रस्त्यानं पोलिसांची जीप रोज कामणला जायची. हेमांगी अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेली, वळून तिनं घराकडे बघितलं.

"काका, जरा डावीकडे घ्या," ती म्हणाली. "इथून झाडाआड जाते."

त्यानं ती डावीकडे घेतली.